एक दिवसाचा सहल-पाठ : हरिपूरचा संगम आणि सांगलीचे भडंग

(इयत्ता चौथी व पाचवी. परिसर अभ्यास, गणित व भाषा यांचा समवाय)

प्रास्ताविक

शालेय सहल हा वर्षातील सर्वांत महाग पाठ होय. त्यासाठी पालकांचे पैसे, शिक्षकांचे श्रम आणि मुलांचा अख्खा दिवस खर्ची पडतो. असे असूनही पुष्कळ सहलींचे टाचण काढले जात नाही. एका दिवसात सात-आठ स्थळे, प्रत्येक ठिकाणी रांगेने आत जाणे व रांगेने बाहेर येणे, आणि परतीच्या वेळी हातगाड्यांभोवती झुंबड, असे सहलीचे रूप ठरून गेले आहे. दुसऱ्या दिवशी ‘काय पाहिले?’ असे विचारले असता मुले स्थळांची नावे सांगतात व थांबतात.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. हातगाडीभोवतीच्या त्या झुंबडीत ज्याच्या खिशात पैसे नाहीत असे एखादे मूल बाजूला उभे असते. ‘मला भूक नाही’ असे ते म्हणते, आणि शिक्षकही ते खरे मानून चालतात. त्या मुलास त्या दिवशी जो धडा मिळतो तो कोणत्याही अभ्यासक्रमात सांगितलेला नाही, आणि तो ते फार दिवस विसरत नाही.

या दोन्ही दोषांवर उपाय एकच आहे. स्थळे थोडी घ्यावीत, दिवसभरासाठी एकच प्रश्न ठेवावा, आणि खाणेसुद्धा पाठाच्या आत आणावे. खाणे पाठाबाहेर राहिले की ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटले जाते. पाठात आले की ते साऱ्या वर्गाचे होते. हरिपूरचा संगम व सांगलीचे भडंग यांचा पुढील सहल-पाठ याच दृष्टीने मांडला आहे.

दिवसाचा प्रश्न

‘येथे काय काय येऊन मिळते, आणि ते कोठून येते?’ हा प्रश्न निघण्यापूर्वी फळ्यावर लिहावा व मुलांनी आपल्या वहीच्या पहिल्या ओळीत उतरवून घ्यावा. नदीकाठी, देवळापाशी, पुलाजवळ व भडंगाच्या गाडीवर हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

पूर्वतयारी

सहलीस जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी हा काळ सोयीचा. नदीचे पाणी उतरलेले असते, ऊन सोसवते, आणि जिल्ह्यात हळदीची काढणी चालू असते. श्रावणातील सोमवारी हरिपुरास यात्रेची गर्दी होते व नदीही भरलेली असते. ते दिवस टाळावेत.

आदल्या आठवड्यात जिल्ह्याचा नकाशा वर्गात लावून कृष्णेचा प्रवाह मुलांकडून बोटाने गिरवून घ्यावा. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेस कऱ्हाडला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. ही चार नावे क्रमाने पाठ झाली म्हणजे हरिपूर हे एका मोठ्या माळेतील मणी आहे हे मुलांच्या ध्यानी येते.

पालकांचे लेखी संमतिपत्र, वरिष्ठांची मंजुरी, एस.टी.च्या शालेय सवलतीची चौकशी, प्रथमोपचाराची पेटी, दहा मुलांमागे एक मोठे माणूस आणि मुलींबरोबर शिक्षिका किंवा एखादी पालक-माता, या गोष्टी आधीच पुऱ्या कराव्यात. दुपारची शिदोरी व पिण्याचे पाणी प्रत्येकाने घरून आणावे. ‘खाऊचे पैसे कोणीही आणू नयेत, खाऊ शाळेतर्फे आहे’ असे संमतिपत्रातच छापावे. हे वाक्य छोटे असले तरी साऱ्या योजनेचा भार त्यावर आहे.

शेंगदाणा न सोसणारे मूल आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या घरची मुले कोण, याची नोंद त्याच पत्रातून घ्यावी. आपल्या जिल्ह्यात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत व भडंगाच्या फोडणीत लसूण असतो, हे विसरू नये. अशा मुलांसाठी लसूण न घातलेले चिरमुरे शाळेतूनच निराळे न्यावेत.

पहिला भाग : संगम

हरिपूर हे सांगलीच्या नैर्ऋत्येस जवळच असलेले नदीकाठचे गाव. सांगलीच्या बाजूच्या काठावर उभे राहिले असता समोरून, पश्चिमेकडून, वारणा येऊन कृष्णेस मिळताना दिसते. काठावर संगमेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे.

मुलांस प्रथम काठापासून दूर, सावलीत बसवावे व पाच मिनिटे काही न सांगता पाहू द्यावे. मग प्रश्न विचारावेत. दोन्ही नद्यांचे पाणी एकाच रंगाचे आहे का? कोणते पाणी वेगाने वाहते? गाळ कोठे साचला आहे? देऊळ पाण्याच्या पातळीपासून किती उंच आहे? देवाचे नाव संगमेश्वर का पडले असावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच काढतात. शिक्षकाने ते हिरावून घेऊ नये.

देवळापाशी इतिहासाचा पाठ घ्यावा. जुनी इमारत एकाच वेळी बांधलेली असते असे मुलांस वाटते. घडीव दगड कोठे आहे, विटा व चुना कोठे आहे, सिमेंट व नवा रंग कोठे लावला आहे, हे त्यांनी शोधावे व वहीत तीन रकाने करून लिहावे. प्रत्येक पिढीने या वास्तूत आपली भर घातली आहे, हे त्या रकान्यांवरून उमजते. सांगलीस परतल्यावर गणपतीच्या देवळात हाच अभ्यास पुन्हा करावा. ते मंदिर सांगली संस्थानचे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकात बांधविले. दोन मंदिरे एकाच दिवशी पाहिल्याने ‘जुने’ आणि ‘त्याहून जुने’ यांतील भेद मुलांस कळतो.

दर्शन घ्यावयाचे की नाही हे मुलांवर सोडावे. वास्तू पाहणे हा पाठ आहे, तो सर्वांसाठी आहे. पूजा ही ज्याच्या त्याच्या घरची बाब आहे. कोणाही मुलास यावरून अवघडल्यासारखे वाटू नये याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

हरिपूरची आणखी एक ओळख म्हणजे पेवे. जमिनीत खोल खणलेल्या या साठवणीत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, आणि सांगलीच्या हळदीच्या पेठेची मोठी मदार त्यांवर होती. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरून हळदीची फार नासाडी झाली व त्यानंतर पेवांचा वापर पुष्कळ घटला. गावातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास किंवा हमालास बोलावून पेव कसे खणीत, कसे भरीत, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे. मिटलेल्या पेवातील हवा कोंदलेली असते. म्हणून आत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत होती. कंदील का विझतो, हा विज्ञानाचा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उघड्या पेवाजवळ मात्र मुलांस नेऊ नये.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ साली हरिपूर येथेच झाला. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाने बालिकेचा वृद्धाशी विवाह लावण्याच्या चालीवर प्रहार केला. पाचवीच्या मुलींस हे अवश्य सांगावे.

दक्षता

संगमाचे पाणी वरून शांत दिसते, परंतु दोन प्रवाह मिळतात तेथे भोवरे व अवचित खोली असते. कोणत्याही मुलाने पाण्यात पाऊल घालू नये. हात धुण्यासही बादलीचे पाणी वापरावे. नावेतून फेरी मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पलूस, वाळवा व मिरज तालुक्यांतील नदीकाठच्या घरांत ही आठवण अजून जुनी झालेली नाही. तेथील मुले पुराविषयी बोलू लागली तर त्यांस बोलू द्यावे. न बोलणाऱ्यास विचारू नये.

जत-आटपाडीकडील शाळांची गोष्ट वेगळी. तेथील कित्येक मुले एवढे वाहते पाणी प्रथमच पाहतात. त्यांच्या आनंदास आवर घालावा लागतो, म्हणून त्या वर्गांबरोबर एक माणूस अधिक न्यावे.

दुसरा भाग : पूल व पुराचे गणित

दुपारी सांगलीत १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल काठावरून पाहावा. रहदारीच्या पुलावर वर्ग उभा करू नये. या पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी व ४५ फूट ही धोक्याची. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याच्या पातळीपेक्षा ते किती चढले? मुले वजाबाकी करून १२ फूट असे सांगतात. आपल्या वर्गाचे छत किती फूट उंच आहे, हे त्यांनी शाळेत परतल्यावर मोजून पाहावे. मग त्या आकड्याचा अर्थ आपोआप कळतो.

येथेच दिवसाचा प्रश्न पुन्हा विचारावा. हे पाणी कोठून आले? महाबळेश्वरी वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर जिल्ह्याच्या पूर्व भागात सुमारे ५०० मिलिमीटर. सांगलीत आभाळ निरभ्र असतानाही नदी वाढू शकते, कारण पाऊस घाटमाथ्यावर पडत असतो. सकाळी पाहिलेल्या संगमाचा हा अर्थ मुलांनी स्वतः जोडावा.

तिसरा भाग : भडंग

परतण्यापूर्वीचा शेवटचा तास भडंगाचा. गाडी किंवा दुकान आधीच ठरवून विक्रेत्यास कल्पना द्यावी. काम थोडे थांबवून मुलांशी बोलण्यास तो तयार असावा. हा त्या तासाचा शिक्षक आहे, त्याला मुलांनी ‘काका’ म्हणून हाक मारावी व आधी नमस्कार करावा.

मुलांनी विचारावयाचे प्रश्न : चिरमुरे कोठून आणता? फोडणीत काय काय घालता? शेंगदाणे, तिखट, हळद कोणत्या गावची? पावसाळ्यात चिरमुरे सादळू नयेत म्हणून काय करता? दिवसाचे काम किती वाजता सुरू होते?

उत्तरे मिळाली की वहीत नकाशा काढून प्रत्येक पदार्थापासून सांगलीपर्यंत एक रेघ ओढावी. भात शिराळ्याकडील ओल्या पट्ट्यात पिकतो, जतकडे ज्वारी-बाजरी. सांगलीची हळद तर दूरवर नावाजलेली असून तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रेघा पुऱ्या झाल्या म्हणजे मुठीएवढ्या भडंगातही अनेक वाटा येऊन मिळाल्या आहेत हे दिसते, आणि सकाळचा प्रश्न संध्याकाळी नव्या रूपात समोर येतो.

विज्ञानासाठी चिरमुऱ्याची फूल विचारात घ्यावी. भात भिजवून, उकडून, वाळवून सडतात. मग मिठाचे पाणी लावून भट्टीवरील तापलेल्या वाळूत भाजतात. दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, ती बाहेर पडताना दाणा फुलतो. आकार वाढतो, वजन मात्र वाढत नाही. एक वाटी तांदूळ व एक वाटी चिरमुरे शाळेत तोलून हे सिद्ध करावे.

गणितासाठी खरेदीचा हिशेब मुलांकडेच सोपवावा. ३० मुलांस प्रत्येकी ४० ग्रॅम म्हणजे १२०० ग्रॅम. किलोचा भाव विचारून एकूण रक्कम मुलांनी काढावी, एका गटाने पैसे द्यावेत, दुसऱ्याने उरलेले मोजून घ्यावेत.

वाटपाच्या वेळी कांदा, कोथिंबीर व लिंबू डोळ्यांदेखत चिरलेले असावे. छापील वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ घेऊ नये, शाई अन्नास लागते. मुलांनी आपल्या शिदोरीचे डबेच पुढे करावेत. सर्वांस सारखे वाटून झाल्यावर शिक्षकांनी मुलांबरोबर बसून तेच खावे. डबे व कागद गोळा करून जागा होती त्याहून स्वच्छ ठेवावी.

पाठपुरावा

दुसऱ्या दिवशी ‘सहलीचे वर्णन करा’ असा निबंध देऊ नये. त्याऐवजी प्रत्येक गटाने एक काम घ्यावे : नद्यांचा नकाशा, देवळाच्या तीन रकान्यांचा तक्ता, पुराच्या पातळीची उभी पट्टी, भडंगाचा हिशेब, आणि पेवांविषयी बोलणाऱ्या गृहस्थांस व भडंगवाल्या काकांस आभाराची पत्रे. पत्रे टपालाने खरोखर पाठवावीत. मग मुलांस आपल्या गावाविषयी हाच प्रश्न विचारावा : आपल्या बाजारात, आपल्या ओढ्यात, आपल्या शाळेत काय काय येऊन मिळते, आणि कोठून?

मूल्यमापन

तीन आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, वर्गास दोनच प्रश्न विचारावेत. सांगलीत पाऊस नसताना पूर का येतो? आणि भडंगात काय काय होते? पहिल्याचे उत्तर निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्या शब्दांत दिले तर पाठ साधला असे समजावे. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी वर्गातील प्रत्येक हात वर आला पाहिजे. एखादा हात वर आला नाही, तर ते मूल कोण आहे व त्या दिवशी ते कोठे उभे होते, याचा शोध शिक्षकाने पुढील सहलीपूर्वी घ्यावा.