खाडी खत कसें अडविते
वालीवच्या बाजूच्या शेतांतून व गटारांतून पावसाळ्यांत वाहून गेलेलें नत्र व स्फुरद सर्वच समुद्रास मिळत नाहीं. वसईच्या खाडींत तिवरांच्या मुळांशीं पाणी मंदावतें. गाळ बसतो व त्यास चिकटलेलें स्फुरद तेथेंच राहतें. वायुहीन चिखलांतील सूक्ष्म जंतु नायट्रेटचा नत्रवायु करून हवेंत सोडतात.

याचा हिशेब जमाखर्चासारखाच मांडतात. समजा, १०० किलो नत्र खाडींत आलें व ७० किलो समुद्रास गेलें, तर ३० किलो वाटेंत अडलें किंवा हवेंत गेलें. पाणी अधिक काळ थांबल्यास हा आंकडा वाढतो. भराव पडून वा तिवरांची तोड होऊन खाडी आकसल्यास घटतो.

शेतकऱ्यास मात्र हें नत्र परत मिळत नाहीं. म्हणून बांध दुरुस्त ठेवावे व युरिया हप्त्यांनीं द्यावा.