जिल्हा परिषदेची नोकरी : लागण्याआधी टिकण्याचा विचार

बारावीचा निकाल लागला की आंजर्ल्यात, खरे तर सगळ्याच दापोली तालुक्यात, घरोघरी दोन वाटांची चर्चा होते. एक, मुंबईला काका-मामाकडे जाऊन मिळेल ते काम धरायचे. दोन, सरकारी भरतीची तयारी. दुसरी वाट चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पालक चौकशी करतात ती ‘लागेल का?’ एवढीच. लागल्यावर मुलगा किंवा मुलगी पुढची तीस वर्षे कोणते काम करणार आणि कुठे राहणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

रत्नागिरी जिल्हा परिषदेने याची किंमत मोजली आहे. इथल्या शाळांत नेमले गेलेले बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावाकडे परततात. 2023 मध्ये असे शेकडो शिक्षक कार्यमुक्त झाले आणि वर्ग उघडे ठेवण्यासाठी स्थानिक डीएड-बीएडधारकांना तात्पुरत्या मानधनावर घ्यावे लागले. गेलेल्यांना दोष देऊ नये. म्हातारे आईवडील दुसऱ्या टोकाला असतील तर माणूस जाणारच. पण याच काळात आपली मुले मुंबईत चाळीतल्या खोलीचे भाडे भरत होती, हे मला फार लागते.

म्हणून अर्ज भरतानाच जिल्ह्याचा विचार करा. जिल्हा परिषदेची वर्ग-3 ची पदे त्या त्या जिल्ह्याची असतात. पुढे विनंतीने दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तर ज्येष्ठता शून्यापासून धरली जाते. ‘स्पर्धा कमी’ एवढे ऐकून परक्या जिल्ह्यात अर्ज टाकणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. ज्याला खरोखर कोकणात राहायचे आहे, त्याने रत्नागिरीच निवडावी.

आता काम. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि आंजर्ले, केळशी, मुरुड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, वर करोनाची धास्ती. अशा वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक घरोघर पंचनामे करत होते. कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजायची, मदत मात्र हेक्टरी ठरलेली. दहा गुंठ्यांच्या मालकाच्या हाती काय पडणार? पुढे झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. म्हणजे पडलेली पोफळ अन् पोफळ नोंदली जाणे महत्त्वाचे ठरले. कोणाचे कुळ कोणते, सामाईक सातबाऱ्यावर किती नावे, त्यातली मुंबईत किती, हे ठाऊक असलेला कर्मचारी अशा वेळी गावाचा आधार होतो. ही माहिती कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही. गावातल्या मुलाकडे ती आपसूक असते.

बाकी कामाची रीत पार बदलली आहे. ग्रामपंचायतीचा हिशेब ई-ग्रामस्वराजवर भरायचा, घरकुलाचे फोटो जागेवर उभे राहून चढवायचे, फेरफार संगणकावर. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखल्यांना मुदत आहे. एकाच ग्रामसेवकाकडे दोन-दोन ग्रामपंचायती असणे नवलाचे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्याचा निर्णय झाला. कामाचा भार मात्र तोच. ‘सरकारी नोकरी म्हणजे आराम’ ही समजूत असेल तर या वाटेला जाऊ नका.

पालकांची सर्वांत मोठी काळजी वर्षे वाया जाण्याची, आणि ती रास्त आहे. जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात 2019 मध्ये आली; ती रखडली आणि 2022 मध्ये रद्द झाली. नवी जाहिरात ऑगस्ट 2023 मध्ये निघाली, 19,460 पदांची. तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार पदांसाठी त्याच वर्षी दहा लाखांवर अर्ज आले. तेव्हा केवळ भरतीवर भिस्त ठेवून पुण्यात खोली घेऊन बसणे मला पटत नाही. पदवी किंवा पदविका चालू ठेवा, दोन-तीन प्रयत्नांची मर्यादा घरात आधीच ठरवा, आणि ती संपली की मुलाला टोमणे न मारता दुसऱ्या कामाला लागू द्या.

2023 च्या भरतीत ग्रामसेवकासाठी बारावीला किमान 60 टक्के किंवा अभियांत्रिकी पदविका, कृषी पदविका, समाजकार्याची पदवी यांपैकी एक लागत होते. बारावीला गुण कमी पडले तर दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे. कृषी पदविकेची चौकशी जरूर करा. आरोग्य सेविकेसाठी एएनएम हवे. सुरुवातीची तीन वर्षे ग्रामसेवक कंत्राटी असतो. प्राथमिकचा शिक्षणसेवकही तीन वर्षे 16,000 रुपये मानधनावर काढतो. घरचा खर्च त्यावर चालेल का, हे आधी मांडून पाहा.

गावातली छोटी पदेही नजरेआड करू नका. पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका, आशा यांना स्थानिक रहिवासीच लागतो. मानधन तुटपुंजे आहे, त्यावर संसार उभा राहत नाही, हे खरे. याखेरीज ग्रामपंचायतीची स्वतःची पदे असतात, आणि तिच्या कर्मचाऱ्यांसाठी जिल्हा परिषदेच्या वर्ग-3 आणि 4 च्या भरतीत 10 टक्के जागा राखीव असतात. पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या मुलाला पुढे लिपिक होण्याची वाट आहे, हे त्यालाच कित्येकदा ठाऊक नसते.

क्लासची फी भरण्यापूर्वी एक करा. 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर किंवा 26 जानेवारीच्या आसपास होणाऱ्या ग्रामसभेला मुलाला, मुलीला घेऊन जा आणि शेवटपर्यंत बसा. पाण्यावरून, घरपट्टीवरून लोक काय बोलतात, ग्रामसेवक काय उत्तर देतो, ते त्यांना ऐकू द्या. त्या खुर्चीत बसावेसे वाटले, तरच अर्ज भरा.