आजचं चिंतन : जात्याचा दुसरा हात (गीता १८.४६)



आज आपण अठराव्या अध्यायातल्या सेहेचाळिसाव्या श्लोकावर आहोत. अर्थ असा: ज्याच्यापासून सगळे जीव निघाले आणि ज्यानं हे सगळं व्यापलंय, त्याला माणसानं आपापल्या कर्मानं पुजावं, त्यातूनच सिद्धी मिळते. माउलींनी ज्ञानेश्वरीत इथे स्वकर्माला फुलांचं रूपक दिलंय. देवाला वाहायची फुलं म्हणजे आपलं रोजचं काम.

हा श्लोक आपल्या पिढीचा लाडका आहे, कारण तो सोयीचा वाटतो. आणि ती सोय कुठे जाते, त्याचं ताजं उदाहरण बघा. परवा आमच्या वाचन-ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, "सकाळी स्वयंपाक, डबे, मुलाची शाळा. रोजच्या ओव्या राहून जातात. काय करू?" भराभर उत्तरं आली आणि सगळ्यांचा सूर एकच: "ताई, स्वयंपाक हीच पूजा समजा. गीता हेच सांगते." उत्तर देणारे बहुतेक मुलगे. त्यांच्या ओव्या साडेसातला वाचून झालेल्या, चहा कोणीतरी हातात आणून दिलेला. ताईंनी हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि विषय संपला. मला मात्र तो संपलाय असं वाटत नाही.

मी सध्या गावी आहे, शिरूर अनंतपाळला. लॅपटॉप ओसरीवर, चैत्र अंगणात. घरातला चैत्र म्हणजे किती काम असतं, हे शहरातल्या वाचकांसाठी जरा सांगतो. दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की ऋतूंमध्ये वसंत मी (१०.३५). आमच्याकडे तो वसंत थोडा कडुनिंबाच्या मोहोरात दिसतो आणि बाकी सगळा वाळवणात. पारा चाळिशीला टेकलेला, रबीचं धान्य घरात आलेलं.

कुरडयांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून चीक काढायचा. रात्रभर तो खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पहाटे, ऊन चढायच्या आत, घाटायचा. उकळत्या पाण्यात एकानं चीक ओतायचा, दुसऱ्यानं हात न थांबवता हलवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, कारण गार झाला की सोऱ्या दाबताना मनगट कामातून जातं. म्हणजे हे काम मुळातच दोघांचं आहे. एकटीनं केलं तर होतं, पण कसं होतं ते तिलाच विचारा.

नंतर राखण. आमच्या घरात माळ आहे, त्यामुळे कोंबड्या आमच्या नाहीत, शेजारच्या काकूंच्या. पण त्यांचा मुक्काम आमच्याच परसात! मेथीचा वाफा उकरतात, म्हणून कडेनं बाभळीच्या काट्या लावल्यात. वाळवणापाशी मात्र काठी घेऊन माणूसच बसावं लागतं. त्यातली एक सध्या खुडूक आहे, अंड्यांवर बसलीय. एकवीस दिवसांचं काम. दिवसातून थोडा वेळ दाण्यापाण्याला उठते, आणि बसल्या जागी अंडी फिरवत राहते, म्हणजे ऊब सगळीकडून लागते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पंचविसावीसाठी मी हिचं नाव सुचवलं असतं.

त्याच चोवीसात एक घरातली मुलगीही आहे. घरचे बाहेर गेलेले, पाहुणे आलेले, आणि ती एकटी त्यांच्यासाठी साळी कांडतेय. काकणांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती एकेक करत काकणं कमी करते आणि हातात एकेकच ठेवते. अवधूत त्यातून एकांताचा धडा घेतो, आणि तो धडा खराच आहे. पण ती ती ओळ वाचताना मला दर वेळी बाहेर बसलेले पाहुणे आठवतात.

परसात शेवगा, कढीपत्ता, चार वांगी, दोडक्याचा वेल. भांड्यांचं पाणी केळीला जातं. वेलाच्या बुडाशी मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. भरून ठेवलं की माती जसजशी कोरडी होते तसतसं त्यातून पाणी झिरपतं, माती ओली असली की झिरपणं मंदावतं. (सेन्सर नसलेली फीडबॅक सिस्टीम आहे ही, मी तासभर बघत बसलो होतो.) मडकं आपोआप पाणी देतं, पण ते आपोआप भरत नाही.

दुपारी वाकळ. जुनी लुगडी, आजोबांची धोतरं, थरावर थर, आणि कडेकडेनं धावदोरा. आजीचा हात अजून सरळ चालतो, पण सुईत दोरा ओवणं डोळ्यांना जमत नाही. दर दोऱ्याला कोणाला तरी हाक मारावी लागते.

आता परत श्लोकाकडे. श्लोकात "आपल्या" कर्मानं असं आहे. मागचे श्लोक (४१ ते ४४) वर्णांची कामं वाटून देतात, त्यामुळे "हे तुझं काम, ते माझं" असं वाचायची सवय फार जुनी आहे. चूल तिची, पोथी माझी. श्लोकाचा असा अर्थ संतांनी घेतला असता तर जनाबाईंचे अभंग झालेच नसते.

जनाबाई आपल्या जवळच्या. गोदाकाठच्या गंगाखेडच्या, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी. दळण, कांडण, शेणी, पाणी, सगळं त्यांच्यावर. त्यांच्या अभंगांत विठ्ठल येतो तेव्हा काय करतो, ते नीट बघा. तो पाटावर बसून "जनी, दळण हीच तुझी पूजा" असं प्रवचन देत नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावतो. पाणी भरतो, शेणी वेचतो, तिचे केससुद्धा विंचरतो. पैठणला नाथांच्या घरीही तेच. परंपरा सांगते की श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपात देवानं तिथे कावडीनं पाणी वाहिलं. तो रांजण आजही दाखवतात आणि फाल्गुनात नाथषष्ठीच्या वेळी भाविक तो भरतात.

पाणी वाहणं हे लातूरकरांसमोर नुसतं रूपक म्हणून ठेवता येत नाही. एप्रिल २०१६, असाच चैत्र होता. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांच्या वर होतं. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास! पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून त्याआधी मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बारा लिटरची घागर डोक्यावर, बगलेत कळशी, आणि अशा दिवसाला किती खेपा ते तुम्ही मोजा. त्या वर्षी रांगेत उभ्या असलेल्या बाईला "हीच तुझी पूजा" म्हणायची कोणाची छाती झाली असती?

म्हणून माझं वाचन असं आहे. "काम हीच पूजा" हे वाक्य फक्त स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं असतं. दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलायचं असेल, तर खुंट्याचा दुसरा हात धरून बोलावं.

कोणी म्हणेल, मग वाचन, नामस्मरण सोडून सगळ्यांनी चीकच घाटायचा का? तसं नाही. जनाबाई दळताना गात होत्या, सावता माळी अरणच्या मळ्यात भाजीतच विठ्ठल बघत होते. नाम कामाच्या सोबत चालतं. पण पोथी उघडून बसायला मोकळा अर्धा तास लागतोच, आणि तो घरात कोणाला मिळतो आणि कोणाच्या जिवावर मिळतो, हा हिशेब पूजेच्या आतला आहे.

त्या ताईंना माझं उत्तर नाहीच. त्यांच्या घरातल्या दादांना आहे: आठवड्यातले तीन दिवस डबे तुम्ही करा, त्या वेळात ताईंना ओव्या वाचू द्या. उरलेले चार दिवस उलट. पोळ्या येत नसतील तर भात-वरणानं सुरुवात करा. ज्यांचे आई-वडील गावी आहेत त्यांनी या सुट्टीत घरी गेल्यावर सकाळीच पंधरा-वीस सुया दोरा ओवून उशीला टोचून ठेवा. मी चार दिवस ठेवतोय. पहिल्या दिवशी आजीनं विचारलं, "काय करूलालास रं?" आता विचारत नाही, सरळ उशी पुढे सरकवते.

उद्या श्लोक ४७. स्वधर्म आणि परधर्माची तुलना आहे, तिसऱ्या अध्यायातला ३५ वा श्लोक आधी वाचून या. पोस्ट मात्र दहानंतर येईल, पहाटे चीक घाटायचाय आणि हलवायची पाळी माझी आहे.

राम कृष्ण हरी.