समाराधना म्हणजे काय?

यंदा उत्सवाच्या पत्रिकेचा मजकूर ठरवताना एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "काका, समाराधना म्हणजे दुपारचं जेवणच ना? मग स्नेहभोजन छापू या, लोकांना पटकन कळेल." मी "असू दे रे आहे तेच" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर चैन पडेना. इतकी वर्षे पंगतीत वाढतोय, आणि शब्दाचा अर्थ विचारला तर सांगता येऊ नये?

सम्, आ आणि राध् धातू. राध् म्हणजे सिद्धीस नेणे, संतुष्ट करणे. आराध्य, आराधना हे त्याचेच. तेव्हा समाराधना म्हणजे उत्तम प्रकारे संतुष्ट करणे. यात जेवण कुठेच नाही! देवाला, गुरूला संतोषवायचे तर त्याच्या दारी आलेल्याला जेवू घालायचे, या रीतीने पंगतीचा अर्थ मागाहून चिकटला. हा शब्द आपल्या एकट्याचाही नाही. कानडीत 'समाराधने' आहे, आणि तेलुगू मुलखात कार्तिकात आवळीखाली जेवतात त्याला 'वनसमाराधना' म्हणतात. आपल्या आवळीभोजनासारखेच ते.

आपण दत्तभक्त मात्र ही समाराधना ओळखतो ती श्रीगुरुचरित्राच्या अडतिसाव्या अध्यायातून. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण तिघांपुरता शिधा घेऊन गाणगापुरी आला. तिथे रोज कुणा ना कुणाची समाराधना. यालाही आमंत्रण असायचेच. तीन महिने तो जेवत राहिला आणि शिध्याचे गाठोडे उशाला तसेच राहिले. लोक हसू लागले. शेवटी श्रीगुरूंनी त्यालाच स्वयंपाक करायला सांगितले आणि सगळ्यांना आमंत्रण द्यायला लावले. अन्नावर आपले वस्त्र झाकले. चार हजार पाने उठली. मग गावातल्या बाकी लोकांना बोलावले. भास्कर जेवला तो सर्वांच्या मागून, आणि उरले ते जलचरांना.

आपण चमत्कार लक्षात ठेवतो. मला यावेळी आमंत्रण खटकले. शिधा तिघांचा आणि बोलावणे सगळ्यांना! आधी मोजून मग बोलावले असते तर?

सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. आमच्या घरी आईच्या व्रताचे उद्यापन होते. पाने एकवीस मांडली होती. पंगत बसल्यावर एक म्हातारे गृहस्थ दारात आले, "माध्यान्ह झालीय, काही मिळेल का?" म्हणाले. मी म्हटले, "पाने मोजकी आहेत बाबा, संध्याकाळी या." आत भाताचे पातेले अर्धे भरलेले होते, हे मला माहीत होते. आई काही बोलली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही. ते गृहस्थ संध्याकाळी आले नाहीत.

परवा कोश चाळताना दिसले, 'अपराध' हा शब्दही याच राध् धातूचा. पुस्तक तसेच उघडे ठेवून बराच वेळ बसलो होतो.

पत्रिकेत समाराधनाच छापली आहे, माध्यान्ह आरतीनंतर. त्या मुलाला घरी बोलावून हे सगळे सांगितले. पाने मोजण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते, ते यंदा घेतलेले नाही. दाराशी उभा राहणार आहे.