शहामृग व त्याचे पाळणारे

आपल्या शहरातून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाच्या बाजूस गेले म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीमुळे ते पुष्कळांच्या परिचयाचे आहे. तेथे १९७२-७३ साली पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे हाती आले. काहींचे मणी केलेले होते. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेषा कोरलेल्या होत्या. त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. ज्या पक्ष्यास आपण केवळ आफ्रिकेचा समजतो, तो एके काळी खानदेशच्या माळावर धावत होता तर! २०१७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचांतील जनुकद्रव्य तपासले, तेव्हा त्याचे नाते आफ्रिकेच्या शहामृगाशीच जुळले.

ह्या पक्ष्यावर मूर्खपणाचा आळ फार जुना आहे. संकट आले म्हणजे तो वाळूत डोके खुपसतो, असे आजही सुशिक्षित माणसे व्याख्यानांतून सांगतात. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने झुडुपात डोके घालण्याची गोष्ट लिहिली होती. वाळू मागाहून आली. खरा प्रकार असा की, घरट्यावर बसलेला पक्षी शत्रू दिसताच मान जमिनीस लावून निपचित पडतो, आणि दुरून तो मातीच्या ढिगासारखा भासतो. पळण्याची वेळ आली तर मात्र ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेग घेतो, व कोंडीत सापडल्यास त्याची लाथ मोठ्या श्वापदासही भारी पडते.

दुसरा आळ निष्काळजी मातेचा. ईयोबाच्या ग्रंथात शहामृगी आपली अंडी भूमीवर टाकून विसरते असे वर्णन आहे; अर्थात त्याच ठिकाणी तिच्या धावण्यापुढे घोडा व स्वार यांचे काही चालत नाही, हेही सांगितले आहे. घरट्याबाहेर विखुरलेली अंडी पाहणाऱ्यास तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केनियात ब्रायन बर्ट्रम यांनी १९७० नंतरच्या दशकात बारकाईने पाहिले, तेव्हा निराळेच दिसले. एकाच खळग्यात अनेक माद्या अंडी घालतात. उबवते ती त्यांतील एकच मुख्य मादी. तिच्या अंगाखाली सुमारे वीसच अंडी मावतात. ती आपली अंडी ओळखते, ती मध्ये ठेवते व परक्यांची बाहेर लोटते. चोर आलाच तर प्रथम बाहेरची जातात. दिवसा करड्या रंगाची मादी बसते, रात्री काळा नर. सुमारे सहा आठवडे ही पाळी चालते. ह्यास विसराळूपणा म्हणावे काय?

आता पाळण्याविषयी. पूर्वी पिसांसाठी पक्षी मारीत. दक्षिण आफ्रिकेत १८६० नंतर त्यास कुंपणात ठेवून पिसे कापून घेण्याची रीत पडली, तीत पक्ष्यास इजा होत नाही. १८६९ साली आर्थर डग्लस याने अंडी उबवण्याचे यंत्र सिद्ध केले आणि धंदा भराभर वाढला. १९१३ च्या सुमारास त्या देशाच्या निर्यातीत सोने, हिरे व लोकर यांच्या खालोखाल पिसांचा क्रम होता! व्यापाऱ्यांनी पिसांच्या पैशावर वाडे उठविले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. मोटारीत बसताना रुंद पिसांच्या टोप्या अडचणीच्या होऊ लागल्या होत्याच; स्त्रियांची आवड पालटली, पिसांस कोणी विचारीना, आणि शेतकरी बुडाले. पक्षी तोच, पिसे तीच, गिऱ्हाईक मात्र गेले. पुढे चामडे व मांस यांमुळे तो धंदा पुन्हा उभा राहिला.

ही हकीकत दूरदेशची म्हणून सोडून देता येत नाही. ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांत शहामृगाचा ऑस्ट्रेलियातील नातलग इमू पाळण्याची लाट आली. पक्षी कणखर; त्याचा नर गडद हिरव्या अंड्यांवर सुमारे आठ आठवडे जवळजवळ उपाशी बसून पिले काढतो. तेल, मांस, कातडे ह्या सर्वांस मोल येईल असे सांगितले गेले, व कित्येकांनी कर्ज काढून जोड्या विकत घेतल्या. परंतु प्रत्यक्षात प्राप्ती होत होती ती मुख्यतः नव्या पाळणाऱ्यास पिले विकून. तेलाचा वा मांसाचा कायम गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न, आमच्या मते, पहिली जोडी दारी येण्यापूर्वी विचारावयास हवा होता. नवे पाळणारे मिळेनासे झाले तेव्हा पिलांस मागणी उरली नाही. २०१२ च्या सुमारास अंडी व पिले परत घेण्याचे करार करणाऱ्या कंपन्या दक्षिणेत एकामागून एक कोसळल्या, आणि कर्जाचे हप्ते शेतकऱ्याच्या माथी राहिले. भाव पडला म्हणून पक्ष्याची भूक कमी होत नाही. दाण्याचा खर्च रोजचाच. अखेर काहींनी कुंपणाचे दार उघडून इमू मोकळे सोडून दिले, आणि हे उंच मानेचे परदेशी पक्षी रानावनांत व रस्त्यांच्या कडेस भटकताना लोकांस दिसू लागले.