आगीतून सुटका : एक अभ्यास

सुरतेतील सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीस २४ मे २०१९ रोजी आग लागली. वरच्या शिकवणी वर्गाचा लाकडी जिना जळाला. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते.

अशा वेळी माणूस कसा वागतो, हे खरी आग लावून तपासता येत नाही. म्हणून संशोधक आभासी वास्तवाचा आधार घेतात. डोळ्यांवर उपकरण चढविले की इमारत व धूर दिसतो, घंटा ऐकू येते. कोण किती थबकला, कोणत्या दाराकडे वळला, याची नोंद होते.

माणूस बहुधा आल्या वाटेनेच परततो, असे आगींच्या अभ्यासातून दिसले आहे. खरी धग मात्र प्रयोगात नसते, ही त्याची मर्यादा होय.

वर्गात बसण्यापूर्वी दुसरा जिना पाहून ठेवावा, नसल्यास विचारावे.