खाली पडा की खाली बसा? भूकंपाच्या सूचना आणि आजीची मराठी

गेल्या सत्रात आपल्या मंडळाकडे एक साधं काम आलं. कॉलेजात भूकंपाची मॉक ड्रिल होणार होती. विद्यार्थ्यांनी घरी न्यायचं सूचनापत्रक इंग्रजीत तयार होतं, त्याचं मराठी आपण करावं असं ठरलं. एकच पान, आणि त्यात मुख्य आज्ञा तीन: ड्रॉप, कव्हर, होल्ड ऑन. मला वाटलं, अर्ध्या तासात होईल. लागले तीन आठवडे. त्या दिवसांत मी भाषांतराबद्दल थोडं आणि आमच्या घराबद्दल बरंच शिकले. ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

पहिला मसुदा मी आजीला वाचून दाखवला: "खाली पडा, झाका, धरून ठेवा." आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. ती म्हणाली, "पडायला माझं काय जातंय गं? पण उठवणार कोण? आणि झाका म्हणजे काय, डोक्यावरून पदर घ्यायचा?"

आम्ही हसलो. पण रात्री झोपताना लक्षात आलं की आजीनं माझ्या तीनपैकी दोन आज्ञा निकालात काढल्या होत्या. सूचना ऐकून माणसाला नेमकं काय करायचं ते कळलं नाही, तर भाषा शुद्ध असून काय उपयोग?

२००१ ची सकाळ

आमच्या घरात भूकंप म्हटलं की एकच तारीख निघते, २६ जानेवारी २००१. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. बडोदा तिथून तीनशेहून जास्त किलोमीटर दूर, तरी आमची इमारत हलली. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण गोष्ट तोंडपाठ आहे. आजी स्वयंपाकघरात दूध तापवत होती. आधी तिला चक्कर आल्यासारखं वाटलं, मग भांडी वाजायला लागली. ती दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली, कारण तिच्या आईनं तसं शिकवलं होतं. पप्पा मात्र तिसऱ्या मजल्यावरून अनवाणी जिना उतरत धावले. जिन्यात इतकी गर्दी, की एक शेजारी पडले आणि त्यांचा हात मोडला.

दोघंही सुखरूप राहिले, म्हणून दोघांचंही बरोबर होतं असं घरात आजवर मानलं जात होतं. वाचायला लागल्यावर कळलं, दोघांचंही चुकलं होतं.

चौकटीचा सल्ला जुन्या घरांमधून आला आहे. मातीची भिंत कोसळली तरी कधीकधी लाकडी चौकट उभी दिसायची, त्यावरून लोकांनी तो धडा घेतला. आजच्या फ्लॅटमधली चौकट बाकी घरापेक्षा मजबूत नसते. शिवाय हलणारं दार बोटं चिरडू शकतं आणि उडत येणाऱ्या वस्तूंपासून चौकट वाचवत नाही.

हादरे चालू असताना जिना उतरणं त्याहून वाईट. पाय ठरत नाही, माणसं एकमेकांवर पडतात, अंधार होऊ शकतो. लिफ्टचं तर नावच काढू नये. आणि खाली पोहोचलात तरी बाहेर मोकळं मैदान असेलच असं नाही. त्याच सकाळी अंजारमध्ये शाळेची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. त्यांच्या आठवणीसाठी अंजारमध्ये आता वीर बालक स्मारक आहे. ही मुलं घरात नव्हती, बाहेरच होती. म्हणजे 'बाहेर' आणि 'मोकळ्यावर' हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. आपल्यापैकी जे रावपुरा किंवा दांडिया बाजारच्या जुन्या गल्ल्यांत राहतात, त्यांनी हा फरक जरूर लक्षात ठेवावा.

आडोसा नको

दुसऱ्या मसुद्यात 'कव्हर'साठी मी 'आडोसा घ्या' लिहिलं. शब्द मराठमोळा, ऐकायला गोड. आमच्या सरांनी वाचून एवढंच विचारलं, "आडोसा कशाचा असतो?"

भिंतीचा, कपाटाचा, झाडाचा, पडद्याचा. वारा, पाऊस किंवा कुणाची नजर बाजूनं येते तेव्हा आपण आडोशाला जातो. भूकंपात वस्तू वरून येतात: पंखा, माळ्यावरचे डबे, प्लास्टरचे तुकडे. आणि ज्या कपाटाचा आडोसा घ्यावा, तेच अंगावर येतं. म्हणजे शब्द सुंदर असूनही तो माणसाला चुकीच्या जागी नेऊन उभा करत होता.

शेवटी मी घरातल्या वस्तूंची नावं घालूनच सूचना लिहिली:

"खाली बसा, हातागुडघ्यांवर या. जेवणाच्या टेबलाखाली शिरा. एका हातानं डोकं आणि मान झाका, दुसऱ्या हातानं टेबलाचा पाय धरा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. हादरे थांबेपर्यंत तिथंच राहा."

'होल्ड ऑन'चं 'धरून ठेवा' केलं की काय धरायचं ते कळत नाही. 'टेबलाचा पाय' म्हटलं की कळतं. टेबल नसेल तर खिडकीपासून आणि कपाटापासून लांब, घराच्या आतल्या भिंतीलगत खाली बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाकायची. गॅस पेटलेला असेल आणि चावी हाताशी असेल तर बंद करायची, नाहीतर आधी स्वतःला सांभाळायचं.

आणि आजीचं काय? ज्यांना खाली बसता येत नाही त्यांनी खुर्चीत असल्यास तिथंच पुढं वाकून डोकं आणि मान हातांनी किंवा उशीनं झाकावी. पलंगावर असल्यास पलंगावरच राहावं, पालथं होऊन डोक्यावर उशी धरावी. अंधारात उठून चालू नये. चाकांचा वॉकर असेल तर ब्रेक लावून त्यावर बसावं. आजीनं हे दोनदा करून पाहिलं आणि म्हणाली, "हे जमतंय. हे लिही."

मरीयामातेची मूर्ती

पालथं झोपून पाहताना आजीच्याच ध्यानात एक गोष्ट आली. तिच्या डोक्याच्या बरोबर वर घरची वेदी आहे. भिंतीत ठोकलेली फळी, तिच्यावर मरीयामातेची दोन फूट उंच मूर्ती आणि पितळेच्या दोन मेणबत्तीदाण्या. मूर्ती आजोबांनी आणलेली. वीस वर्षं ती तिथंच आहे.

मी म्हटलं, हलवू या. आजी गप्प बसली. दोन दिवस तो विषयच निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पप्पांना सांगितलं, "आईला खाली घ्या. ती माझ्या डोक्यावर पडली तर तिलाच वाईट वाटेल."

आता वेदी कमरेइतक्या उंच कपाटावर आहे, मूर्तीचा तळ चिकटवून पक्का केला आहे आणि कपाट भिंतीला लोखंडी पट्टीनं जखडलं आहे. त्याच रविवारी आम्ही घरभर फिरलो. पुस्तकांचं उंच शेल्फ भिंतीला स्क्रूनं बांधलं. लोणच्याच्या बरण्या माळ्यावरून तळकप्प्यात आल्या. माझा पलंग खिडकीच्या काचेपासून दूर सरकवला. एकूण खर्च आठशे रुपयांच्या आत. भूकंपातून वाचण्याचं बरंचसं काम असं आधीच, शांत दिवशी, ड्रिल मशीन हातात घेऊन करायचं असतं.

हादरे थांबल्यावर

इथं आमच्यासारख्या घरांना एक सूचना खास द्यायला हवी. वीज गेली, मन घाबरलं, की पहिला हात जातो मेणबत्तीकडे. २००१ मध्येही आजीनं भूकंप थांबताच मेणबत्ती लावून रोझरी सुरू केली होती. पण बडोद्यात घरोघरी पाइपचा गॅस आहे. नळी निसटली असेल, तर एक काडी पुरेशी आहे. त्यामुळे माळ हातात घ्या, मेणबत्ती नको. गॅसचा वास येत असेल तर चावी बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका (मेन स्विचसुद्धा नाही) आणि बाहेर पडा. वास नसेल आणि तारा तुटलेल्या दिसत असतील तर मेन स्विच बंद करा.

बाकीचं थोडक्यात. आधी पायात चपला नाही, बूट घाला, कारण जमिनीवर काचा असतात. मी पलंगाखाली पिशवीत जुने बूट, टॉर्च आणि शिट्टी ठेवली आहे. बाहेर पडताना जिन्यानंच उतरा, इमारतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर उभे राहा. मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के येतातच, कधी आठवडेच्या आठवडे. दर वेळी पुन्हा तेच करायचं. फोन लागत नसेल तर मेसेज पाठवा. आम्ही सगळ्यांनी पुण्याच्या आत्याला कळवायचं ठरवलंय, म्हणजे एकमेकांचा पत्ता तिच्याकडून लागेल. मदतीसाठी ११२. कुणी ढिगाऱ्याखाली अडकलंच तर काडी पेटवू नये, तोंडावर कापड धरावं, सतत ओरडून दम घालवण्यापेक्षा पाइपवर किंवा भिंतीवर ठोकावं.

घरात परत कधी जायचं? प्लास्टरवरची केसासारखी भेग वेगळी. खांब किंवा तुळई फुटली असेल, भिंतीवर फुलीसारख्या तिरप्या भेगा गेल्या असतील, तर पाकीट आणायलासुद्धा आत जायचं नाही. आधी इंजिनियरनं पाहिलं पाहिजे.

"माझ्या माहेरी टेबलच नव्हतं"

पत्रक पूर्ण झालं असं वाटत होतं, तेवढ्यात आजी म्हणाली, "सगळं खरं, पण माझ्या माहेरी टेबलच नव्हतं." तिचं माहेर नगर जिल्ह्यातलं. दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार.

अशाच घरांनी किल्लारीत माणसं मारली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. तीव्रता ६.२, म्हणजे कच्छच्या मानानं भूकंप कितीतरी लहान, तरी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्यांवर आली. तिथं टेबलाखाली शिरा म्हणणं व्यर्थ. अशा घरात, दार जवळ आणि समोर मोकळं अंगण असेल, तर चटकन बाहेर पडणंच बरं. नाहीतर खाली बसून डोकं झाकायचं. पण खरा उपाय आधीचा आहे: माळवदावरची माती कमी करणं, भिंतीचे दोन्ही थर बांधणारे आरपार दगड घालणं, छताखाली चारी भिंतींना बांधून ठेवणारी सलग पट्टी देणं. ज्यांचे आजी-आजोबा अजून अशा घरांत झोपतात, त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर हे बोलणं काढावं.

म्हणजे सूचना घराप्रमाणे बदलते. हे कळल्यावर मी आमच्या इमारतीकडेही नव्यानं पाहिलं. १९९८ ची, चार मजली, खाली पार्किंग. वर भिंती, खाली नुसते खांब. हादऱ्यात वरचे मजले ताठ राहतात आणि सगळा ताण तळाच्या खांबांवर येतो. २००१ मध्ये अहमदाबादेत, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर, अशाच अनेक इमारती बसल्या आणि शेकडो माणसं गेली. टेबल कितीही मजबूत असलं तरी त्याला उत्तर नाही. उत्तर म्हणजे इंजिनियरकडून तपासणी आणि गरज पडल्यास खांबांचं बळकटीकरण किंवा खांबांमध्ये भिंती.

पप्पांनी सोसायटीच्या बैठकीत हे मांडलं. एक काका म्हणाले, "२००१ मध्ये पास झाली ना आपली बिल्डिंग?" पप्पा म्हणाले, "पेपर कच्छचा होता. आपल्याला फक्त आवाज आला." दुसऱ्या बैठकीत तपासणी करायचं ठरलं. तारीख अजून ठरलेली नाही. दर रविवारी चर्चहून येताना मी पप्पांना आठवण करते.

तुमच्यासाठी स्वाध्याय

आपलं पत्रक आता मंडळाच्या फलकावर आहे, पण ते जसंच्या तसं घरी चिकटवू नका. त्याखाली पाच ओळी तुमच्या घराच्या लिहा. कुठल्या टेबलाखाली शिरायचं? पलंगाच्या वर काय टांगलंय? गॅसची चावी कुठं आहे, आणि घरातल्या सगळ्यांना ती फिरवता येते का? बाहेर जमायची मोकळी जागा कोणती? खाली बसता येत नाही असं घरात कोण आहे?

मग त्या ओळी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि करून बघायला सांगा. चुका तिथंच सापडतील.